कडक कमानीचा चाकू

नवरा निवडताना मला कुणी विचारलं नव्हतं. दोन्हीकडचे चार पुरुष ओटीवर बसले, पान खाल्लं, अंगणात पिंका टाकल्या, आणि मी आत भाकऱ्या थापत असतानाच माझं लग्न ठरलं. त्यामुळे आयुष्यात मी स्वतः पारखून, चार बाजूला सारून एक उचललेली पहिली वस्तू म्हणजे खिशात ठेवायचा, मिटवायचा चाकू. मला खिसा नव्हता, ती गोष्ट वेगळी. नवऱ्याची पसंती अर्ध्या तासात उरकली होती. चाकूला मी अख्खी सकाळ घेतली. दोघांतलं कोण जास्त काळ हाताशी राहिलं ते मुंबईच्या गिरणीला विचारा.

ही गोष्ट तीस-एकतीस सालच्या आसपासची. आमचं घर मिरजोळ्याच्या बाजूला, रत्नागिरीच्या बाजारापासून तासाभराच्या वाटेवर. नवरा मुंबईत गिरणीत कामाला, एका खोलीत नऊ जणांबरोबर राहायचा. अकरावी म्हणून बायकोला तिथे न्यावं एवढा काही तो कल्पक नव्हता. सासूसासरे दोघंही गेलेले, त्यामुळे सासरच्या घराला कुलूप लावून मी माहेरी आईबाबांजवळच असायची. मला भाऊ नाही.

बाबा आंब्याची कलमं बांधायचे. त्या वेळी आमच्याकडे भेटकलम करायचे. रायवळ आंब्याच्या कोयीची रोपं मडक्यांत वाढवायची, चांगल्या हापूसच्या झाडाखाली बांबूंचा मांडव घालायचा, ती मडकी मांडवावर चढवून झाडाच्या फांदीशी नेऊन भिडवायची. मग रोपाच्या अंगावरून अंगठ्याएवढी साल आणि थोडं लाकूड तासायचं, फांदीवरूनही तेवढंच तासायचं, आणि दोन्ही जखमा एकमेकींवर ठेवून केळीच्या सोपाने, म्हणजे बुंध्याच्या सालपटाने, घट्ट बांधायच्या. वरून शेणमाती. पावसाभर दोघं एकमेकांना धरून राहिली की जीव एक होतो, आणि मग फांदी झाडापासून तोडायची. सांगायला सोपं आहे. पण दोन्ही काप अगदी सपाट हवेत. मध्ये केसाएवढी फट राहिली की आत काळं पडतं आणि तीन महिन्यांची मेहनत शेणमातीसकट खाली येते. तेव्हा सगळं काही चाकूवर आणि चाकू धरणाऱ्या हातावर.

बाबांचा हात थरथरायला लागला होता. आईने ते पहिल्यांदा जेवताना पाहिलं. भाताचा घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा ताटात परत यायचा. उजव्या अंगठ्यातला जोरही गेला होता. पण हे घरात बोलायची सोय नव्हती. बाबा स्वभावाने इतके गरम की पाणी तापवायला चूल लागू नये, असं आई त्यांच्या मागे म्हणायची. पुढे म्हणायची नाही.

आदल्या वर्षी खोतांच्या बागेत बाबांनी बांधलेली कलमं मेली. एक-दोन नव्हेत, मांडवच्या मांडव सुकला. बाबांनी रोपांना शिव्या घातल्या, मग मातीला, मग केळीच्या सोपाला. शेण कुठल्या म्हशीचं होतं त्याची चौकशी झाली. शेवटी अमावास्येवर येऊन थांबले. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांना कुणी म्हणालं नाही, कारण अंगण खोतांचं होतं. खोत एवढंच म्हणाले, "ह्या खेपेला सोडतो, म्हाताऱ्या. पुढच्या साली असं झालं तर मी पावस गावाहून दुसरा माणूस आणीन हो."

पंचक्रोशीत हापूसचं कलम म्हटलं की त्यांचं नाव निघायचं. पैसाअडका काय, येतो नि जातो. पण पावसाहून माणूस आला असता तर बाबा त्या वर्षीच गेले असते, ह्याबद्दल मला आजही शंका नाही.

त्यातच त्यांचा जुना चाकू मोडला. वर्षानुवर्षं दगडावर घासून घासून त्याचं पातं केरसुणीच्या हिरासारखं झालेलं, आणि पातं धरून ठेवणारी कमान इतकी ढिली की नुसता झटका दिला तरी उघडायचा. आईने एके दिवशी ट्रंकेचं कुलूप उघडायला तो घातला. कुलूप शाबूत राहिलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, आणि आईने चार दिवस आपणच पिढ्यान्‌पिढ्यांचं काहीतरी पाप केल्यासारखं तोंड करून घेतलं.

शिमग्याला नवरा आला. त्याला मी पत्रातून कळवलं होतं की बाबांना चाकू हवा. त्याने मुंबईहून सहा पात्यांचा चाकू आणला. तो ओटीवर मांडी घालून बसला आणि एकेक पातं उघडून दाखवू लागला. एक मोठं, एक धाकटं, एक कात्रीसारखं काहीतरी, एक बाटलीचं बूच काढायला पिळाचं, एक कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि शेवटचा वाकडा आकडा.

"ह्यो कशाला?" बाबांनी विचारलं.

"घोड्याच्या टापंत खडा अडकला तर काढायला," नवरा म्हणाला.

आमच्या वाडीत घोडा कुणी बाळगला नव्हता. बाटल्या होत्या, पण त्यांना बूच म्हणून केळीच्या पानाची गुंडाळी असायची. बाबांनी सगळी पाती उघडली, उजेडाकडे धरली, आणि चाकू जावयाच्या पुढ्यात ठेवला. "सहा हायेत," ते म्हणाले, "पन सरळ येक पन नाय." आईने तो आकडा न्हाणीच्या मोरीतला केरकचरा काढायला लावला आणि मरेपर्यंत जावयाचं कौतुक केलं.

ज्येष्ठ लागला. रोपं मडक्यांत तयार, मांडवाचे बांबू खोतांच्या बागेत येऊन पडलेले, आणि घरात चाकू नाही. बाबांनी स्वतः बाजारात जायचं टाळलं. पायाला लागलंय म्हणाले. पायाला काही झालं नव्हतं. दुकानात चारचौघांसमोर चाकू हातात घेऊन पाहावा लागतो, उघडावा लागतो, हे खरं कारण. घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळलं होतं, पण मी मूग गिळून बसले. ते म्हणाले, "तूच जा. कसा बगायचा ते ठावं हाय तुला."

आणि मला ठावं होतंच. त्यांनी मला काही शिकवलं नव्हतं. हे मुलाला शिकवायचं काम, आणि मुलगा त्यांना नव्हता. पण मी लहानपणापासून त्यांना शेणमाती कालवून द्यायची आणि सोप भिजवून द्यायची, आणि मला डोळे होते. गुरं राखताना फुकटच्या काड्यांवर मी हात बसवला होता. बाबांनी ते पाहिलं होतं, आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

बाजारात जाताना मी आंब्याच्या दोन ओल्या काड्या पदरात घेऊन गेले. लोखंडी सामानाचं दुकान. मालकाच्या डोक्यावर खादीची टोपी, कारण तेव्हा विलायती कापडाच्या होळ्या होत होत्या आणि बाजारात सगळेच एकदम देशभक्त झाले होते. मी म्हटलं, "चाकू दाखवा. मिटायचा."

"कुणाला?"

"मला."

"विळी दाखवतो," तो म्हणाला.

"विळी हाय घरात. चाकू दाखवा."

"अगो बाय, बाईमाणसाला चाकू कशाला? भाजी चिरायची तर विळीवर चिरतात."

मी म्हटलं, "भाजी नाय चिरायची." एवढ्यावर तो जरा मागे सरकला आणि त्याने चाकू काढायला सुरुवात केली. वरच्या फळीवर देशी होते, ओबडधोबड, त्यांचं पातं मुठीत नीट बसतच नव्हतं. मी ते एकेक करून परत केले. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, गादीखाली हात घातला आणि विलायती काढले. कापडाची होळी होते, पोलादाची होत नाही, एवढी अक्कल त्याला होती.

आता इथे माझी जी फजिती झाली ती सांगायला हवी. जन्मभर विळीवर चिरलेलं. विळी जागच्या जागी उभी असते, हलते ती भाजी. काड्यांवर हात बसवला होता तोही मी घरच्या विळीवर आणि रानात कोयतीवर, तीही पायाखाली धरून. म्हणून मी दुकानाच्या पायरीवर बसले, पहिला चाकू उघडला, त्याची मूठ पायाच्या अंगठ्याखाली दाबली, धार वर केली आणि काडी त्याच्यावरून ओढली. काप झकास आला. मान वर केली तर दुकानातली पाचसहा माणसं वाकून बघत होती.

"बाय," मालक म्हणाला, "पाय काढ. चाकू आहे तो. हातात धरायचा."

मी लाजले की चिडले ते आठवत नाही. बहुधा चिडले, कारण मला लाजायला चटकन जमत नाही. पण त्याचं बरोबर होतं. मांडवावरची फांदी झाडाला असते, ती काही माझ्या पायाशी येऊन चाकूवर सरकणार नाही. तिथे हलायला हवा तो चाकूच. मग त्या पायरीवर, त्या पाचसहा रिकामटेकड्यांच्या देखत, मी हातात चाकू धरून काडी तासायला शिकले. पहिले चार काप वेडेवाकडे. पाचवा जरा बरा. रिकामटेकड्यांतला एक म्हणाला, "सूर्य मावळेल हो." मी म्हटलं, "मग घरी जा, बायको वाट बघत असंल." तो गेला नाही, पण गप्प झाला.

बघायचं असं: पातं नखावर आडवं ठेवून उजेडाकडे धरायचं. खालून उजेड दिसला तर पातं वाकडं, परत. बिजागरीशी धरून हलवायचं. डुगडुगलं तर परत. हाताच्या लवेवरून फिरवायचं. मग ओल्या काडीचे दोन काप घ्यायचे, एकावर एक ठेवायचे आणि डोळ्यासमोर धरायचे. मधून उजेड आला की संपलं. शेवटी दोन चाकू उरले. एकाला शिंगाची मूठ, दुसऱ्याला काळ्या लाकडाची. पाती जवळजवळ जुळी. दोन्हींचे काप असे की उजेडाला आत जायला जागा नाही.

फरक एकच होता. शिंगाच्या मुठीचा चाकू अंगठ्याचं नख खाचेत घातलं की अलगद उघडायचा. काळ्याची कमान कडक. तो उघडताना माझ्यासारख्या कोयती चालवणाऱ्या बाईलाही दात आवळावे लागायचे, आणि मिटताना तो असा खटकन मिटायचा की मालकाने स्वतःची बोटं मागे घेतली.

मी शिंगाचा चाकू हातात घेऊन बराच वेळ बसले. हा बाबांना उघडेल, हे मला दिसत होतं. बाबा तो उघडतील, मांडवावर चढतील, थरथरत्या हाताने तासतील, आणि कार्तिकात मडक्यांच्या ओळी सुकून खाली येतील. मी मनाशी म्हटलं, ढिली कमान वाईट, काम करताना बोटांवर मिटते. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. मी शिंगाचा चाकू परत केला आणि काळा घेतला, आणि बाजारापासून घरापर्यंत मला कुणाचातरी गळा कापून आल्यासारखं वाटत होतं.

बाबांनी चाकू पाहिला. पातं उजेडाकडे धरायला त्यांना तो आधी उघडायला हवा होता. त्यांनी खाचेत नख घातलं, ओढलं. अंगठा सटकला. पुन्हा ओढलं. मग त्यांनी तो माझ्या पुढ्यात ठेवला. "कमान नवी हाय," ते म्हणाले. "बसंल. तेल लाव."

मी उघडून दिला. त्यांनी पातं पाहिलं, नखावर ठेवलं, कानाशी नेऊन त्यावर टिचकी मारली. बराच वेळ पाहिलं. "चांगलाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेला हा शब्द मी तोवर तीनदा ऐकला असेल, त्यातला एकदा बैलाबद्दल.

तेल मी लावलं, पण मुठीला. कमानीला थेंबही जाऊ दिला नाही. रोज सकाळी बाबा विचारायचे, "बसली काय कमान?" मी म्हणायची, "नाय अजून."

अशी आमची मांडवावरची रीत पडली. बाबा फांदी निवडायचे, आणि फांदी निवडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मडकं कसं टेकवायचं ते सांगायचे. मग मी चाकू उघडायची. उघडला आहेच तर एवढं तासून टाक, असं ते म्हणायचे, जणू त्यांनाच कंटाळा आलाय. मी तासायची. सोप ते बांधायचे. घट्ट ओढायला थरथर आड येत नाही. खालून येणाऱ्याजाणाऱ्याला पानांतून फक्त दोन जोड पाय दिसायचे, आणि वरून बाबांचा आवाज: "अशी नाय गो, तिरकी! डोळं फुटलं काय?" ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारा कलमं बांधतोय आणि ही नुसती शिव्या खातेय. मला शिव्यांचं काही वाटत नव्हतं. फुकटची वस्तू होती.

चाकू मात्र चोवीस तास माझ्याकडे राहू लागला. बाबांना उघडत नाही म्हटल्यावर त्यांच्या कनवटीला तो काय करणार? मी लुगड्याच्या कनवटीला खोचायची. कलमाच्या चाकूला मीठ, मासळी, लिंबू लावायचं नाही, असा बाबांचा नियम होता. मी त्याने पायातले करवंदीचे काटे काढले, शेळीच्या गळ्यातली दोरी कापली, सुपारी फोडली, आणि एकदा आई घरी नसताना बांगड्याची शेपूटही उडवली. नंतर राखेने घासून ठेवला. कलमांनी तक्रार केली नाही.

एकदा देवळात पाया पडायला वाकले आणि कनवट सुटून चाकू फरशीवर खणकन आदळला. गुरव आरतीचं ताट घेऊन मागच्या मागे खांबापर्यंत गेला. त्यानंतर वाडीत बायका कुजबुजायला लागल्या की नवरा मुंबईला आणि ही कमरेला चाकू लावून हिंडते. त्याचा एक फायदा झाला. पाखाडीच्या पायऱ्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बाईला काहीबाही बोलणारे दोघेतिघे होते, ते मला पाहिलं की पावसापाण्याचं विचारायला लागले.

गौरीगणपती झाले. पहिल्या मांडवावरची कलमं झाडापासून सुटी करून सावलीत ओळीने ठेवली होती आणि सगळी टवटवीत होती. कार्तिकाचीसुद्धा वाट बघावी लागली नाही. खोत रोज येऊन बघून जायचे आणि त्यांची छाती पुढे आली होती. एक दिवस ते पाहुणा घेऊन आले. शेतकी खात्यातला कुणी अधिकारी, डोक्यावर टोप, हातात वही. खोतांनी खालून हाक मारली, "म्हाताऱ्या, उतर खाली! साहेबांना कलम कसं बांधतोस ते दाखव. इथे, आमच्यासमोर."

बाबा उतरले. मी उतरले. चाकू बाबांनी वरच मागून घेतला होता. रिकाम्या हाताने खोतांसमोर कसं उभं राहायचं? एका खालच्या फांदीशी मडकं टेकवलं. साहेबाने वही उघडली. बाबांनी चाकूच्या खाचेत नख घातलं.

चाकू उघडला नाही.

त्यांनी पुन्हा ओढलं. नख मोडलं, ते मला ऐकू आलं. त्यांनी धोतराला अंगठा पुसला आणि पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला. साहेब वहीत बघायला लागला, तो भला माणूस असावा. खोतांनी हात पुढे केला, "आण इकडे, मी उघडून देतो." बाबांनी चाकू छातीशी धरला.

मी शेजारी उभी होते, आणि मला दोन्ही बाजूंनी पळायला वाट नव्हती. उघडून दिला तर साहेबासमोर त्यांना तासावं लागेल आणि हात सगळं सांगून टाकेल. नाही दिला तर एक साधा चाकू न उघडता येणारा म्हातारा म्हणून ते उभे आहेतच. हे मी केलं होतं. दुकानाच्या पायरीवर बसून, उजेडाकडे धरून, नीट विचार करून केलं होतं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. शिंगाच्या मुठीचा तो चाकू त्या क्षणी कुणी आणून दिला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चाकू बागेच्या दगडी गडग्याच्या चिऱ्यावर ठेवला.

"भाऊ," ते खोतांना म्हणाले, "चाकू हिचा हाय. हिच्याच हाताला उघडतो." आणि बाजूला झाले.

मी चाकू उचलला, उघडला, रोप तासलं, फांदी तासली. दोन्ही काप भिडवले. साहेब वाकून बघत होता. त्याने वहीचा कागद त्या सांध्यात घालून पाहिला, तो गेला नाही. मग त्याने लिहायला सुरुवात केली.

खोत माझ्याकडे बघेनात. ते बाबांना म्हणाले, "म्हणजे ही? किती कलमं हिच्या हातची?"

"ह्या सालची समदी," बाबा म्हणाले. "गेल्या साली मेली ती माझी."

एवढं सरळ वाक्य बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. खोतांनीही ऐकलं नसावं. ते घुटमळले, आणि मग आवाज खाली आणून बाबांना म्हणाले, "अरे, पण बाईमाणसाचा हात. झाडामाडाला विटाळ चालत नाही. ते चार दिवस ती मांडवावर चढत नव्हती ना?"

बाबांची मान खाली गेली. असल्या गोष्टी पुरुष एकमेकांशी बोलत नाहीत, आणि बापाला तर विचारतच नाहीत. म्हणून मीच बोलले. खरं सांगायचं तर तीन महिन्यांत कावळा शिवला म्हणून मी एक दिवस घरी बसले नव्हते. बसले असते तर पाऊस आणि मडकी माझ्यासाठी थांबली असती थोडीच?

"भाऊ," मी म्हटलं, "त्या चार दिवसांतली कुठली कुठली ती तुमी शोधून काढा. सांगाल ती मी उपटून टाकते."

खोतांनी सावलीतल्या ओळींकडे पाहिलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळी हिरवी. साहेबाला खोकला आला आणि तो बराच वेळ गेला नाही. शेवटी खोत म्हणाले, "पुढल्या वर्षी ज्येष्ठ लागताच ये म्हणावं हिला. लवकर." आणि पाहुण्याला घेऊन घराकडे गेले. पावसच्या माणसाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

घरी येताना बाबा पुढे आणि मी मागे. घरी आल्यावर हातपाय धुतले, ओटीवर बसले आणि मला समोर बसायला सांगितलं. दिवेलागण व्हायची होती. चाकू त्यांनी मागितला, मी जमिनीवर ठेवला, त्यांनी उचलला. मिटलेलाच हातात फिरवत राहिले.

"दुकानात दुसरा नव्हता?"

"व्हता."

"पातं?"

"असंच."

"कमान?"

"मऊ."

त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला. मोडलेल्या नखातून रक्त येऊन सुकलं होतं. "तेल लावलं तर कमान चार दिसांत बसते," ते म्हणाले. "तीन म्हयने नाय लागत. मना काय ठावं नाय काय?"

म्हणजे रोज सकाळी ते विचारत होते आणि रोज सकाळी माझं खोटं ऐकून घेत होते.

"मंग ह्योच का घेतलास?"

चुकून घेतला, असं म्हणता आलं असतं. दुकानदाराने गळ्यात मारला, असंही म्हणता आलं असतं. बाईमाणूस आहे, फसली, हे कुणीही मानलं असतं. मी म्हटलं, "तुमाला उघडू नये म्हनून."

आणि मग मला रडू आलं. पंचवीस वर्षांची घोडी मी, पदरात तोंड घालून रडले. आई दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली. बाबांनी मला रडू दिलं. रडणं आटोपल्यावर त्यांनी चाकू माझ्या पुढ्यात ठेवला.

"चुकून घेतला म्हनाली असतीस," ते म्हणाले, "तर माझ्या कलमांना परत हात लावू दिला नसता तुला."

माझ्या कलमांना, म्हणाले. तेवढं त्यांनी सोडलं नाही. मीही ते कधी सोडवायला गेले नाही.